विळा अडेपर्यंत

"मेलेला वाघ पाहाचा असंन तं चांद्याले जा; इथी फकत जिता कचरा हाये."

हे वाक्य नथ्थू भोयरनं तहसील कचेरीतल्या एका बाबूला ऐकवलं होतं. बाबू बायकापोरांना छकड्यात घालून एटापल्लीचं बालसंग्रहालय पाहायला आला आणि आत पाय ठेवताच त्यानं विचारलं, वाघ कुठे ठेवलाय. वाघ नव्हता. बिबट्याचं कातडं नव्हतं, गव्याची शिंगं नव्हती. एक लांबुळकं कौलारू गोदाम, शेणानं सारवलेली जमीन आणि तिच्यावर ओळीनं मांडलेल्या पळसाच्या पत्रावळी. एकीवर घुबडानं ओकलेल्या गोळ्या, त्यात उंदरांची बारीक हाडं. एकीवर रानातल्या रेशमाचे कोसे. एकीवर नुकतंच तडकलेलं सागाचं बी. बाबू खट्टू झाला. नथ्थूनं त्याच्या धाकट्या मुलीच्या हातात वारुळाचं ओलसर ढेकूळ दिलं आणि कानाला लावायला सांगितलं. आत काहीतरी कुरकुरत होतं. मग मुलगी निघेना. बाबूला बैल सोडून दुपारभर झाडाखाली बसावं लागलं.

नथ्थू मूळचा सावलीकडचा. वैनगंगेच्या पलीकडे त्याच्या बापाची धानाची बांधी होती, पण भाऊ चार आणि बांधी एक. एकोणिसाव्या वर्षी तो जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर लागला. काम एकच. तोडून आणलेल्या सागाच्या बुंध्यावर लोखंडी घणानं सरकारचा छाप उठवायचा. एक ठोका, एक झाड. ठोका पडेपर्यंत लाकडाला थोडीफार ओळख असते. कुठल्या डोंगरावरचं, कुठल्या नाल्याकाठचं हे गाडीवान सांगू शकतो. ठोक्यानंतर नंबर. असे ठोके नथ्थूनं बावीस वर्षं घातले. त्याचं त्याला फार दुःख होतं असं नाही. पण झोपेत त्याचा उजवा हात वर जाई आणि खाली येई. बायको आशाबाई त्या हातापासून अंग चोरून निजायला शिकली होती.

मग एका पावसाळ्यात बुंधा घसरला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. खात्यानं त्याला हलकं काम दिलं. रिकाम्या पडलेल्या गोदामाची राखण, आणि मागच्या बाजूला राहायला एक खोली.

रिकाम्या जागेची राखण दिसते तितकी सोपी नसते. राखायला काही नसलं की माणूस स्वतःलाच राखत बसतो. तीन महिने नथ्थूनं ते केलं. मग कंटाळून डेपोतून सागाच्या बुंध्याची एक पातळ चकती आणली आणि मधोमध ठेवली. बाजाराला आलेली पोरं डोकावली, पोटावर पडून आतली वर्तुळं मोजू लागली. एकाची एकशेबारा झाली, दुसऱ्याची एकशेनऊ. मारामारी झाली. दुसऱ्या बाजारी दोघं साक्षीदार घेऊन आले.

विकास गटाचा एक तरुण अधिकारी त्याच सुमारास तिकडून जात होता. त्यानं ती पोटावर पडलेली पोरं पाहिली आणि महिनाभरात गोदामावर पाटी लागली, 'बालसंग्रहालय, मध्यप्रदेश शासन'. बारा महिन्यांचा एक तक्ताही त्यानं स्वतः आखून भिंतीवर डकवला, कुठल्या महिन्यात मुलांना निसर्गातलं काय दाखवायचं त्याचा. त्याची नक्कल चांद्याला गेली. मग अधिकारी बदलून गेला. दोन वर्षांनी राज्यच बदललं आणि चांदा जिल्हा मुंबईकडे गेला. नथ्थूनं पाटीवरचे शेवटचे दोन शब्द चुन्यानं पुसले.

"जंगल तं तिथंच हाये," तो आशाबाईला म्हणाला. "पाटीच तेवढी चालून राह्यली."

शाळेची पोरं गुरुवारी येत. जंगलातल्या गावांतली माडिया पोरं सोमवारी, बाजाराच्या दिवशी. आया मोहफुलं, चारोळी, डिंक घेऊन बाजारात बसल्या की पोरं गोदामाकडे पळत. आत यायचं तर एक वस्तू आणायची आणि एक प्रश्न. उत्तर माहीत असलं तर नथ्थू सांगे. नसलं तर प्रश्न दाराजवळच्या दगडी पाटीवर जाई. पाटीच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'माहीत नाई'. त्या पाटीवर आपला प्रश्न चढावा म्हणून पोरं आठवडाभर डोकं खाजवीत. दोन कोसांवरच्या गावातली बुधरी नावाची दहा-अकरा वर्षांची पोरगी यात सगळ्यांच्या पुढे होती. 'पाऊस येनार हे वाळवीले कोन सांगते' हा तिचा प्रश्न आठ महिने पाटीवर होता. तो पुसायची कोणाची छाती नव्हती.

नथ्थूत एक खोड होती. विळा तो कोणाच्या हाती देत नसे. फळ चिरायचं असो, शेंग उकलायची असो, कोसा कापायचा असो, आठ बोटांत विळा धरून तो स्वतः कापणार आणि कापताना बोलत राहणार. बोलण्याची त्याला झिंग चढे. बावीस वर्षं घणाच्या आवाजात तोंड बंद ठेवलेला माणूस, आता सगळं साठलेलं बाहेर काढत होता. एखाद्या पोरानं हात पुढे केला की, "थांब ना बे, मी दाखवतो."

आशाबाई म्हणे, "तुमचं संग्रहालय म्हंजे काय जी, पोट्ट्यायनं पाहाचं अन् तुमी बोलाचं."

या झिंगेतच सत्तावन सालच्या फाल्गुनात ती चूक झाली.

गोदामाबाहेर आंब्याचं मोठं झाड होतं. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या. सोमवार होता, वीस-बावीस पोरं जमली होती. नथ्थूनं पाचसहा कैऱ्या तोडल्या, आत आणल्या, पत्रावळीवर ठेवल्या. विळ्यानं सटासट मधून चिरल्या आणि आतलं पांढरं, मऊ, दुधासारखं बी दाखवलं.

"हे पाहा. आत्ता हे कोय नाई. हे कोयीचं सपन हाये. म्हून विळा सरळ जाते. महिन्यानं या, विळा आडते का नाई पाहा!"

स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन त्यानं आशाबाईकडून मीठ-तिखट आणवलं, फोडींना लावलं आणि पोरांच्या तळहातावर ठेवलं. सावलीला त्याच्या लहानपणी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मोहोर झडला की कैरी, कैरी दिसली की मीठ. दोन माडिया पोरांनी फोड तोंडात टाकली. बाकीची एकमेकांकडे पाहत राहिली. बुधरीनं मूठ मिटली आणि ती बाहेर पळाली. दाराबाहेरच्या मातीत तिनं फोड पुरली, हे नथ्थूनं पाहिलं. त्याला वाटलं, आंबट लागलं असेल.

पुढल्या सोमवारी माडिया पोरं आली नाहीत. त्याच्या पुढल्याही सोमवारी नाहीत. असा महिना गेला.

नथ्थूनं स्वतःची समजूत घातली. मोहफुलं वेचायचे दिवस आहेत. एखाद्या गावात ताप असेल. गुरुवारी शाळेची पोरं येत, आरडाओरडा होई, पण सोमवारी दुपारी गोदामात वाळवीचा आवाज कान न लावताही ऐकू येतो की काय असं वाटे. तो दारात उभा राहून बाजाराकडे पाही. पोरं दिसत. आयांच्या पाठीमागे बसलेली. त्याच्याकडे न बघणारी.

शेवटी आशाबाई मीठ घ्यायला म्हणून बाजारात गेली आणि बुधरीच्या आईसमोर, मंगलीसमोर, जाऊन बसली. तासाभरानं परत आली ती टोपली आदळतच.

"आयकता का जी? पंडुम झाला नव्हता."

"कोनता पंडुम?"

"आंब्याचा. त्यायच्यात गायता पूजा करते, पह्यला आंबा देवाले अन् गेलेल्या मानसायले देतेत, मंग गाव खाते. त्याच्या पह्यले झाडाचा आंबा तोडाचा नाई, घरात आनाचा नाई, तोंडाले लावाचा नाई. अन् तुमी पोट्ट्यायले मीठ लावून वाटला."

नथ्थू बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. "पंचवीस वर्सं झाली इथी येऊन," तो म्हणाला. "कोनी सांगतलं नाई."

"तुमी कोनाले बोलू देता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुधरीच्या गावी गेला. गायता म्हणजे गावच्या देवाचं काम पाहणारा माणूस. त्याचं नाव कोलू. वयानं नथ्थूएवढाच, अंगानं वाळका, बोलण्यात घाई नसलेला. गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, पडवीत सातआठ म्हातारे बसले. नथ्थूला बसायला खाट दिली. ते त्याला जास्त लागलं. चुकलेल्या माणसाला जमीन बरी वाटते.

कोलूनं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "तुह्या गावी आंब्याले इचारत नाई का?"

"नाई, बाप्पा. आमच्या गावी मीठ हाये का नाई, तेवढं इचारतेत."

पडवी हसली. कोलू हसला नाही. "हासू नोका," तो बाकीच्यांना म्हणाला. "मानूस खरं बोलून राह्यला."

दंड ठरला. एक कोंबडा आणि मोहाची एक बाटली. ज्या दोन पोरांनी फोड खाल्ली होती त्यांच्या डोक्यावरून पाणी उतरवलं गेलं. दंडाच्या कोंबड्याचा रस्सा पहिल्यांदा नथ्थूलाच वाढला आणि तो संपेपर्यंत कोणी दुसरा विषय काढला नाही. मग कोलूनं अट सांगितली. पोरं येतील. पण ज्याचा पंडुम झाला नाही ती वस्तू त्या घरात यायची नाही. आंबा असो, मोह असो, नवं धान असो.

नथ्थूनं मान डोलावली. मग राहवलं नाही.

"अन् खाली पडलेला आंबा?"

म्हाताऱ्यांनी आपसात बरीच चर्चा केली. कोलूनं निवाडा सांगितला. "पडला तो वाऱ्यानं तोडला. वाऱ्याले आमी दंड नाई करत. पन घरात नाई. बाहीर. अन् तोंडाले नाई."

"मंजूर," नथ्थू म्हणाला. कोपऱ्यात, आईच्या मागे उभ्या असलेल्या बुधरीनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी ती आली ती प्रश्न घेऊनच. "कोय टनक कोनत्या दिवशी होते?" नथ्थूनं तोंड उघडलं, मिटलं आणि पाटीवर लिहिलं. त्या साली कोया टणक होऊन गेल्या होत्या. प्रश्नाला वर्षभर थांबावं लागलं.

अठ्ठावन सालच्या फाल्गुनात सोमाजी ग्रामसेवक सायकल ढकलत आला. त्याच्या पिशवीत चांद्याचा कागद होता. तेंदूपानांच्या एका ठेकेदारानं गोदाम मागितलं होतं. मुलांना त्याचा कितपत उपयोग होतो, विशेषतः जंगलातल्या गावांच्या मुलांना, आणि काम तक्त्याप्रमाणे चालतं की नाही, हे पाहायला चैत्रात एक साहेब येणार होता. तो नाही म्हणाला तर वैशाखात इथे पानांची पोती. नथ्थू परत डेपोत, आणि मागची खोलीही जाणार.

सोमाजीनं तक्त्यावर बोट ठेवलं. "चैत्र. आंबा. नथ्थूभाऊ, पत्रावळीवर आंबा दिसला पाह्यजे."

"पंडुम नाई झाला."

"केव्हा होनार?"

"गायता सांगन तेव्हा."

"अन् साहेब त्याच्या पह्यले आला तं? आयका. एक कैरी ठेवा. साहेबाची पाठ फिरली का फेकून द्या. कोनाले कळते?"

"बुधरीले कळते."

"दहा वर्साच्या पोरीच्या भेवानं गोदाम घालवता का?"

"भेवानं नाई, सोमाजी."

"मंग काऊन?"

नथ्थूनं 'माहीत नाई'च्या पाटीकडे हात केला. "ते बी तिथंच लिहून ठेव."

सोमाजी गेल्यावर तो आशाबाईपाशी चुलीजवळ बसला. गेल्या दोनतीन वर्षांत झोपेत त्याचा हात वर गेला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. आशाबाईनं भाकरी उलटली.

"कैरी नोका ठेवू," ती म्हणाली. "कोंबडे संपले आपले."

चैत्र लागला. झाडाखाली वाऱ्यानं कैऱ्या पडू लागल्या. दर सोमवारी, आणि बुधरीला जमलं तर मधल्या एखाद्या वारी, बाहेर झाडाखाली एक पडलेली कैरी चिरायची आणि विळा आरपार गेला तर दाराच्या फळीवर कोळशानं वर्तुळ काढून मधून रेघ मारायची, असं ठरलं. चिरायचा अर्थात नथ्थू. बुधरी हात पुढे करी, तो म्हणे, "थांब, मी दाखवतो." वर्तुळं मात्र ती काढी. पाच झाली, सहा झाली. सगळ्यांतून रेघ गेलेली. आत चैत्राच्या जागी एक रिकामी पत्रावळ होती. तिच्यासमोर चिठ्ठी, 'वेळ झाली नाही'.

साहेब सोमवारीच आला. नागपूरकडचा, चष्मेवाला, उन्हानं वैतागलेला. सोमाजीनं बाजारातून पोरं गोळा करायची तयारी ठेवली होती, पण त्याची गरज पडली नाही. माडिया पोरं आधीच येऊन बसली होती. एकोणीस. साहेबानं ती मोजली, वारुळाचं ढेकूळ कानाला लावलं, पाटीवरचे प्रश्न वाचले, एकदोन प्रश्नांवर थबकला. मग रिकाम्या पत्रावळीपाशी आला.

"हे काय आहे?"

"आंबा, साहेब," नथ्थू म्हणाला.

"कुठे आहे?"

"झाडावर."

"तक्त्यात चैत्र म्हणजे आंबा लिहिलंय. आज चैत्रच आहे ना?"

"चैत्र हाये जी. आंब्याची वेळ नाई झाली."

"ती कोण ठरवतं?"

नथ्थूचं उत्तर ओठांपर्यंत येईपर्यंत मागून आवाज आला. "गायता." आणि क्षणभरानं, "अन् विळा."

साहेबानं वळून बुधरीकडे पाहिलं. "विळा कसा ठरवतो?"

बुधरी बाहेर गेली. साहेबाला तिच्यामागे जावं लागलं. तिनं फळीवरची आठ वर्तुळं दाखवली, झाडाखालची एक कैरी उचलून आणली. नथ्थूनं विळा काढला. बुधरीचा हात त्याच्या हाताशी आला. "थांब," तो म्हणाला आणि चिरली. विळा गेला, पण शेवटी जरासा करकरला. पोरांत कुजबूज झाली. नथ्थू बोलू लागला, मागच्या सोमवारी विळा कसा गेला, आज कसा, आतलं पांढरं कसं घट्ट होत चाललंय, हे सारं सांगत सुटला. साहेब लक्ष देऊन ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं अर्धी कैरी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि कुठलाही माणूस उन्हात कैरी हातात आल्यावर जे करतो तेच करायला हात तोंडाकडे नेला.

"नाई!"

एकोणीस तोंडांतून एकच शब्द निघाला. बाजारातली माणसं वळून पाहू लागली. साहेबाचा हात ओठांशी थिजला. सोमाजीनं डोळे मिटून घेतले.

साहेबानं कैरी हळूच खाली ठेवली. बोटं रुमालाला पुसली. "माफ करा," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. समोर पोरं होती, झाड होतं.

मग त्याला आपण साहेब असल्याचं आठवलं. "म्हणजे सरकारी तपासणीची तारीख आम्ही गायत्याला विचारून ठरवायची?"

"इचारलं असतं तं बरं झालं असतं, साहेब," नथ्थू मनापासून म्हणाला.

सोमाजीला खोकल्याची उबळ आली. साहेबानं भेटीची वही मागवली, पेनाचं टोपण काढलं आणि दारातच उभ्यानं लिहिलं. वही बंद करून तो जीपकडे निघाला. जाता जाता एवढंच म्हणाला, "आंबा ठेवला की कळवा."

जीपची धूळ बसायच्या आत सोमाजीनं वही उघडली. पहिली ओळ वाचून त्याचं तोंड उतरलं. 'चैत्रातील मांडणी अपूर्ण आढळली.'

"गेलं गोदाम," तो म्हणाला. "सांगतलं होतं. एक कैरी! एक कैरी ठेवाची होती फकत!"

"पुढे वाच ना भाऊ," आशाबाई खोलीच्या दारातून म्हणाली.

'मांडणी पूर्ण झाल्यावर पुन्हा पाहणी करणे आवश्यक. तोपर्यंत इमारत आहे त्याच उपयोगात राहावी.'

सोमाजीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं. ठेकेदाराच्या पानांसाठी त्या साली बाजारामागे गवताचा मांडव पडला. साहेबाची पुन्हा पाहणी झाली नाही. बदली झाली म्हणतात. आणि मांडणी पूर्ण झाल्याचंही नथ्थूनं कधी कळवलं नाही, कारण बारा महिन्यांतल्या कुठल्या तरी पत्रावळीची वेळ अजून झालेली नसेच. सोमाजी त्याला यावरून वर्षानुवर्षं चिडवत राहिला, की सरकारचा सगळ्यात लांबलेला तपास तुझ्या आंब्याचा.

पण हे नंतरचं. त्या चैत्रात, साहेब गेल्यानंतरच्या सोमवारी, विळा अडला.

खट्ट. पोरांनी श्वास रोखला. नथ्थूनं पुन्हा दाबलं. पुन्हा खट्ट. बुधरीनं फळीवर दहावं वर्तुळ काढलं आणि रेघ अर्ध्यावर सोडली. मग सगळी पोरं ओरडत बाजारात पळाली. कोलू तिथे तंबाखू घेत बसला होता. विळा अडला, म्हणजे उद्या पंडुम, असं त्याला एकदम एकोणीस जणांनी सांगितलं. नथ्थू मागून धापा टाकत पोचला. त्याच्या तोंडावर असा आनंद होता की जणू कोय त्यानंच घडवली होती.

कोलूनं तंबाखू मळून तोंडात टाकली. वर पाहिलं, झाडाकडे, मग झाडापलीकडे.

"अजून नाई."

"पन विळा—"

"विळ्याले सांग, घाई नोको करू."

पंडुम चार दिवसांनी झाला. ते चार दिवस नथ्थूला खटकत राहिले. कोय तर टणक झाली होती. मग गायता कशासाठी थांबला? पाखरांसाठी, उशिरा मोहोरलेल्या झाडांसाठी, का दुसऱ्याच कशासाठी, जे मोजायला त्याच्या आठ बोटांत धरता येईल असं अवजार नव्हतं? त्यानं कोलूला विचारलं नाही. एक वर्षापूर्वी विचारलं असतं, आणि उत्तर येण्याआधी स्वतःच दिलं असतं. आता त्यानं पाटीवर लिहिलं, 'चार दिवस काऊन?' लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. काही प्रश्न अंगणातल्या झाडासारखे असतात, तोडून आत आणायची गरज नसते. दारातून दिसत राहिले की पुरे.

पुढल्या सोमवारी पोरं आली, आणि त्यांच्यामागून कोलू. तो इतकी वर्षं बाजाराला येत होता, पण गोदामाच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. आज आला. सावलीत डोळे स्थिरावेपर्यंत उभा राहिला. घुबडाच्या गोळ्या पाहिल्या, कोसे पाहिले, सागाच्या चकतीपाशी वाकून मधल्या बारीक वर्तुळावर बोट ठेवलं. मग कमरेच्या फडक्यातून पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि रिकाम्या पत्रावळीवर ठेवलं. हिरवा, मोठा, देठाला चीक सुकलेला आंबा.

"आता तुमचा," तो म्हणाला.

पोरं पत्रावळीभोवती दाटली. चिरा, चिरा, असा गलका झाला. नथ्थूचा हात सवयीनं खांबाकडे गेला, तिथे खोचलेला विळा निघाला, तोंडात पहिलं वाक्य तयार झालं. वर्षभर सांभाळून ठेवलेलं वाक्य, कोयीबद्दलचं, फार चांगलं. त्यानं खाली पाहिलं. बुधरीचा हात पुढे आला होता. दर वेळी येत होता तसाच. थांबायला सांगितलं जाईल हे माहीत असलेला, तरी आलेला.

त्यानं विळ्याची मूठ तिच्याकडे केली.

गलका एकदम थांबला. बुधरीनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग विळा घेतला, आंब्यावर टेकवला आणि आठ बोटांनी नव्हे, दहाच्या दहा बोटांनी दाब दिला. मागून खट्ट असा आवाज आला तेव्हा नथ्थू कोलूच्या बाजूनं, पोरांच्या मधून वाट काढत, कोयीबद्दलचं ते वाक्य तोंडातच ठेवून दाराबाहेर पडला होता.